माकपच्या पॉलिट ब्यूरोला इंदूरहून खुलं पत्र

प्रति,
पॉलिट ब्यूरो आणि केंद्रीय समिती,
भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी),
ए. के. गोपालन भवन, नवी दिल्ली.

विषय : प्रसारमाध्यमांशी पक्षाची वागणूक आणि पक्षातली लोकशाही.

स. न. वि. वि.

तुमच्या मुख्यालयावर ज्यांचं नाव आहे, त्या गोपालन यांच्या स्थानबद्धतेचा खटला मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. गोपालन हरले, पण जाता जाता कायद्यातलं एक कलम रद्द करून गेले. स्थानबद्धतेची कारणं कोर्टापुढेसुद्धा उघड करायची नाहीत, असं ते कलम होतं. त्यानंतर आठवड्याभरात दुसरा निकाल आला, रोमेश थापर यांचा. मुंबईहून निघणारं त्यांचं ‘क्रॉस रोड्स’ हे डाव्या विचारांचं साप्ताहिक मद्रास सरकारनं आपल्या राज्यात येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. कोर्टानं ती बंदी उठवली. अंक वाचकापर्यंत पोचूच दिला नाही तर छापायच्या स्वातंत्र्याला अर्थ काय, असा त्या निकालाचा रोख होता. केंद्र सरकारला तो इतका झोंबला की पुढच्याच वर्षी घटनेत पहिली दुरुस्ती झाली आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण तिच्यात घालण्यात आलं. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर बोलायला उभा राहणारा वकील आजही थापर निकालाचा आधार घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

म्हणजे या देशात छापण्याच्या हक्काची पहिली मोठी लढाई डाव्यांनी जिंकली. तुमच्या सभांमध्ये याचा उल्लेख मी फारसा ऐकलेला नाही. का नसावा, याचा अंदाज मला गेल्या काही वर्षांतल्या तुमच्या वागण्यावरून येतो, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

मी पक्षाची सभासद कधी नव्हते. आमचं घर इंदूरचं, मराठी. वडील कापड मिलमध्ये हजेरी कारकून होते आणि मी इथल्या एका हिंदी दैनिकाच्या शहर डेस्कवर निवृत्तीपर्यंत काम केलं. लाल झेंड्याची ओळख मला पुस्तकांतून झाली नाही, विज्ञप्तीतून झाली. (इंदूरच्या मराठीत प्रेस नोटला आम्ही विज्ञप्तीच म्हणतो, पुण्याच्या मंडळींनी समजून घ्यावं.) संध्याकाळी सहा-साडेसहाला डेस्कवर विज्ञप्त्यांचा ढीग पडायचा. मोठ्या पक्षांच्या विज्ञप्त्या टाइप केलेल्या, सोबत फोटो, फोटोच्या मागे डावीकडून उजवीकडे कोण बसलंय त्यांची नावं, आणि तासाभरानं एखाद्या भियांचा, म्हणजे स्थानिक पुढाऱ्याचा, फोन की जरा बघून घ्या. कम्युनिस्टांची विज्ञप्ती फुलस्केपच्या अर्ध्या कागदावर यायची, हातानं लिहिलेली, बहुतेक वेळा कार्बनची खालची प्रत. आणणारा माणूस सायकलीनं आलेला असायचा. चहा विचारला तर नको म्हणायचा, कारण अजून दोन पेपरांत जायचं असायचं. मजकूर ठरलेला : मिल कामगारांची देणी, अमुक चौकात सभा, तमुक कॉम्रेड संबोधित करतील. नाव छापून यावं म्हणून त्यानं कधी गळ घातली नाही. ‘वेळ तेवढी चुकवू नका ताई, मागच्या वेळी पाचची सभा सातला छापली’ एवढंच म्हणायचा.

त्या कागदाची बातमी व्हायची पाच ओळींची. पुष्कळदा जाहिरात आली की तीही उडायची. हुकूमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, आणि तिथल्या कामगारांच्या हक्काचे २२४ कोटी रुपये मंजूर झाल्याचा समारंभ झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, पंतप्रधानांच्या व्हिडिओद्वारे उपस्थितीत. मधल्या बत्तीस वर्षांत जवळपास ४,८०० कामगारांची हकीकत शहराच्या कानावर राहिली ती या सिंगल कॉलमी बातम्यांमुळे. कोर्टाची तारीख, मिलच्या गेटवरची सभा, वाट पाहता पाहता वारलेले कामगार. तुमचं किंवा भाकपचं स्वतःचं दैनिक इंदुरात नव्हतं. तुम्ही ज्यांना भांडवली माध्यमं म्हणता, त्यांच्याच पानांवर कामगार टिकून राहिला, कसाबसा का होईना. ती माध्यमं मालकाच्या तालावर चालतात हे मला कुणी शिकवायला नको, मी त्यांचा पगार घेतलाय. पण त्याच मालकाच्या पेपरात एखादा रिपोर्टर हट्टानं मिलवर जात राहतो, तेव्हा तो तुमचं काम करत असतो. त्याला शत्रूच्या गोटातला ठरवण्याआधी हे आठवावं.

आता केरळ. ३१ जुलै २०१७ ला तिरुवनंतपुरममध्ये राजकीय हिंसाचार थांबवण्यासाठी मुख्यमंत्री पिनरायी विजयन यांनी भाजप आणि संघाच्या नेत्यांबरोबर बैठक बोलावली होती. हॉटेलात कॅमेरे आधीच आत जाऊन बसलेले बघून मुख्यमंत्र्यांचा पारा चढला आणि त्यांनी पत्रकारांना सर्वांदेखत ‘बाहेर व्हा’ म्हणून सुनावलं. बंद बैठकीत पत्रकार नकोत, हे ठीक आहे. सांगायची रीत असते, तीही एक वेळ सोडून देऊ. पण पुढे त्या दोन शब्दांचं तुमच्या समर्थकांनी जे कौतुक केलं, ते मला जास्त लागलं. नेत्यानं पत्रकाराला हुसकावलं म्हणून टाळ्या वाजवणारे लोक आम्ही इंदुरात दुसऱ्या पक्षाच्या सभांमध्ये पाहतो.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, केरळच्या राज्यपालांनी कोचीत पत्रकारांना बोलावलं आणि कैरळी न्यूज व मीडिया वन या दोन वाहिन्यांना बाहेर जायला सांगितलं. कैरळी तुमच्या विचारांची वाहिनी. तुम्ही निषेध केलात, आणि तो रास्तच होता. फक्त मनात आलं की २०१७ ची चित्रफीत नसती तर त्या निषेधाला किती धार आली असती.

वागणूक एका माणसाच्या स्वभावावर ढकलता येते, कायदा ढकलता येत नाही. केरळ पोलीस कायदा २०११ चा, तुमच्याच आघाडीच्या सरकारनं आणलेला. त्यातलं ११८ (ड) हे कलम, बोलण्या-लिहिण्यातून दुसऱ्याला त्रास दिला तर शिक्षा सांगणारं, सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या ऑनलाइन मजकुरासाठीच्या कलमाबरोबरच रद्द केलं. ६६-अ गेल्याचा आनंद डाव्यांनीही साजरा केला होता. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तुमच्याच सरकारनं ११८-अ हे नवं कलम वटहुकमानं आणलं : कुठल्याही माध्यमातून कुणाची बदनामी करणारा मजकूर पसरवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारण दिलं गेलं स्त्रियांवर समाजमाध्यमांतून होणाऱ्या घाणेरड्या हल्ल्यांचं. ते हल्ले खरे आहेत. बाई म्हणून आणि पत्रकार म्हणून मी त्यांतले थोडे झेललेत. पण कलमाच्या मजकुरात ना स्त्रिया होत्या, ना समाजमाध्यमं. ठाणेदाराला वाटलं की बदनामी झाली, एवढं पुरेसं होतं, मग ती वर्तमानपत्रातली बातमी का असेना. ओरड झाली, तेव्हाचे सरचिटणीस सीताराम येचुरींनी दिल्लीतून फेरविचाराचं सूतोवाच केलं आणि मुख्यमंत्र्यांनी दोन-तीन दिवसांत कलम अंमलात आणणार नाही असं जाहीर केलं. पुढे ते रद्दही झालं.

लोक हे उदाहरण तुमच्या विरोधात वापरतात. मला त्यात तुमच्या बाजूचंही थोडं दिसतं, कारण टीका ऐकून वटहुकूम मागे घेणारी सरकारं अलीकडे बघायला मिळत नाहीत. पण प्रश्न उरतोच. मंत्रिमंडळात, राज्य सचिवालयात, एवढ्या कायदेपंडितांच्या पक्षात कलमाचा मसुदा फिरला असेल, तेव्हा २०१५ चा निकाल कुणालाच आठवला नाही? की आठवला आणि बोलण्याची सोय नव्हती? दुसरी शक्यता जास्त गंभीर आहे, आणि मला तीच खरी वाटते.

जून २०२३ चं प्रकरण तर सरळ आहे. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजातल्या गुणपत्रिकेच्या घोळावर एक वार्ताहर कॉलेजमधून थेट बातमी देत होती. एसएफआय या तुमच्या विद्यार्थी संघटनेच्या राज्य सचिवांनी तक्रार केली आणि पोलिसांनी कटाच्या गुन्ह्यात तिलाही आरोपी केलं. बातमी चुकीची असेल तर खुलासा मागायचा, छापत नसतील तर प्रेस कौन्सिल आहे, वाहिन्यांची तक्रार मंडळं आहेत, अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा आहे. पोलीस ठाणं या यादीत कुठं बसतं? तुमच्या राज्य सचिवांनी त्या कारवाईला पाठबळच दिलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला दिल्लीत न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाच्या पत्रकारांच्या घरांवर पहाटे छापे पडले, येचुरींना मिळालेल्या सरकारी निवासस्थानीही पोलीस पोचले, आणि तुम्ही रस्त्यावर उतरलात. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यूजक्लिकच्या संपादकांची अटक बेकायदा ठरवली. दोन्ही प्रकरणं एका मापाची नाहीत, दिल्लीतलं कितीतरी भयंकर. पण अंगावर आलेल्या पोलिसाचा गणवेश कुठल्या राज्याचा आहे, यावर पत्रकाराची भीती कमी-जास्त होत नाही.

त्रिपुरा तर तुम्ही दोन्ही बाजूंनी पाहिलंय. २०१७ च्या स्वातंत्र्यदिनाचं तुमचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं भाषण आकाशवाणी-दूरदर्शननं, बदल केल्याशिवाय प्रसारित करणार नाही असं कळवलं. मुख्यमंत्र्याचं भाषण! सत्ता गेल्यावर २०१८ च्या ऑक्टोबरात ‘डेली देशेर कथा’ या तुमच्या दैनिकाची नोंदणीच रद्द झाली आणि उच्च न्यायालयानं स्थगिती दिली म्हणून अंक पुन्हा निघाला. सप्टेंबर २०२१ मध्ये आगरतळ्यात पक्षाच्या कार्यालयांबरोबर वृत्तपत्रांच्या कचेऱ्याही फोडल्या गेल्या. ज्या पक्षाचा पेपर एका कलेक्टरच्या सहीनं बंद पडू शकतो, त्या पक्षानं ‘पोलिसांना थोडे जास्त अधिकार दिले तर काय बिघडतं’ असं कधीही म्हणू नये. अधिकार राहतो आणि खुर्चीवरचा माणूस बदलतो.

बंगालबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर तुमच्यापेक्षा तुमच्या विरोधकांनीच जास्त लिहिलंय. २००३ मध्ये तुमच्या सरकारनं बांगलादेशी लेखिका तस्लिमा नसरीन यांच्या आत्मचरित्राच्या एका खंडावर बंदी घातली. २००५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ती उठवली. २००७ मध्ये बाईंनाच कोलकात्याबाहेर काढलं गेलं. त्याच वर्षी १४ मार्चला नंदीग्राममध्ये पोलिसांच्या गोळीबारात चौदा जणांचा जीव गेला, आणि नोव्हेंबरात तुमच्या माणसांनी गावं पुन्हा ताब्यात घेतली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी विरोधकांना त्यांच्याच भाषेत उत्तर मिळालं, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. पुढे तृणमूलच्या राजवटीत पंचायतीच्या जागा बिनविरोध गेल्या म्हणून तुम्ही आक्रोश केलात. आक्रोश खरा होता. पण २००३ च्या पंचायत निवडणुकीतही बिनविरोधाची तक्रार होती आणि तेव्हा उत्तर देण्याच्या जागी तुम्ही होता.

याहून जड गोष्ट केरळातल्या टी. पी. चंद्रशेखरन यांची. पक्षाबाहेर पडून त्यांनी वेगळा पक्ष काढला, ४ मे २०१२ ला त्यांना रस्त्यात गाठून मारलं. न्यायालयानं जन्मठेप दिलेल्यांत तुमचे स्थानिक पदाधिकारी होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं शिक्षा कायम करून आणखी दोघांना दोषी धरलं. तुमचेच ज्येष्ठ नेते व्ही. एस. अच्युतानंदन हे चंद्रशेखरन यांच्या घरी त्यांच्या पत्नीला भेटायला गेले, तर पक्षात वादळ उठलं. मृताच्या घरी जाणं हे आपल्याकडे कुणालाही विचारून करायचं काम नसतं.

आता तुमच्या जमेची बाजू. ती मी तोंडदेखली लिहीत नाही. निवडणूक रोखे तुम्ही घेतले नाहीत, उलट त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेलात, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजना घटनाबाह्य ठरली तेव्हा याचिकाकर्त्यांत तुमचं नाव होतं. हे काम देशातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या पक्षानं केलं असतं असं मला वाटत नाही. एक जुनी गोष्ट मात्र त्याला चिकटलेली आहे. रोख्यांची यादी उघड झाली तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार निघाली सँटियागो मार्टिन यांची लॉटरी कंपनी, १,३६८ कोटींची. याच मार्टिन यांच्याकडून २००७ मध्ये तुमच्या ‘देशाभिमानी’ या मल्याळम दैनिकानं दोन कोटी रुपये घेतल्याचं बाहेर आलं होतं. पक्षातूनच विरोध झाला, पैसे परत केले गेले. परत केले हे महत्त्वाचं. पण ते बाहेर आलं म्हणून परत केले, हेही तितकंच खरं.

दुसरी जमेची गोष्ट, तुमच्या अधिवेशनाचा राजकीय ठराव. त्याचा मसुदा तुम्ही महिना-दोन महिने आधी छापता आणि गावपातळीपर्यंतच्या शाखांकडून दुरुस्त्या मागवता. सरचिटणीस तीन मुदतींपेक्षा जास्त नाही, हा नियमही तुमच्या घटनेत आहे. इतर पक्षांत अध्यक्ष कोण हे घरच्या दिवाणखान्यात ठरतं किंवा नागपुरात. तुमच्याकडे निदान कागद फिरतो.

पण कागद फिरून मत कुठं दिसतं? एप्रिल २०२५ च्या मदुराई अधिवेशनात केंद्रीय समितीसाठी अधिकृत यादीबाहेरून महाराष्ट्राचे डी. एल. कराड उभे राहिले. मतदान झालं आणि त्यांना ३१ मतं पडली. आम्हा मराठी वाचकांना नाशिकच्या या कामगार नेत्याचं नाव ठाऊक होतं, म्हणून बातमी लक्षात राहिली. मला हरल्याचं काही वाटलं नाही, निवडणूक आहे, कुणीतरी हरणारच. बातमी होती ती ‘असं क्वचितच घडतं’ याची. दोन-तीन वर्षं दुरुस्त्या, चर्चा, आत्मपरीक्षण करणाऱ्या पक्षात समितीवर माणूस निवडताना हात वर करायची वेळच येत नाही, आणि आली तर ती देशाची बातमी होते. कराड उभे का राहिले, त्यांचं म्हणणं काय होतं, हे मला पक्षाच्या व्यासपीठावरून त्यांच्याच शब्दांत वाचायला आवडलं असतं.

लोकशाही केंद्रवादात आत भांडायचं आणि बाहेर एक बोलायचं, हे मला समजतं. संपावर असलेल्या युनियनला ते लागतंच, वडिलांच्या तोंडून मी ते ऐकलंय. मात्र १९९६ मध्ये ज्योती बसूंना पंतप्रधान होऊ द्यायचं नाही असं बहुमतानं ठरलं आणि बसूंनी त्याला नंतर ऐतिहासिक घोडचूक म्हटलं, ते कुठं म्हटलं? एका इंग्रजी दैनिकाच्या मुलाखतीत. म्हणजे पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ माणसालाही मन मोकळं करायला भांडवली पेपरच लागला. २००८ मध्ये सोमनाथ चटर्जींनी लोकसभा अध्यक्षपद सोडलं नाही म्हणून त्यांना काढलंत. त्यांची बाजू लोकांना कळली तीही बाहेरूनच.

माहिती अधिकाराचंही तसंच. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं सहा राष्ट्रीय पक्ष त्या कायद्याखाली येतात असा निर्णय दिला आणि तुम्ही तो अमान्य केलात. उमेदवार कसे ठरतात यासारखी आतली चर्चा उघड करता येणार नाही, पैशाचा हिशेब उघड करायला हरकत नाही, ही तुमची भूमिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अर्धी मला पटते. मग दुसऱ्या अर्ध्यासाठी आयोगाची आणि कोर्टाची वाट कशाला? हिशेबाच्या बाबतीत स्वतःहून अर्ज घ्या, तीस दिवसांत उत्तर द्या.

इंदूरची बाई केरळ-बंगालच्या भानगडीत का पडते, असं कुणी विचारेल. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवारानं शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि भाजपमध्ये गेला. ‘नोटा’ला आमच्या शहरात २,१८,६७४ मतं पडली, आणि निवडून आलेल्याची आघाडी पावणेबारा लाखांची. १९६२ मध्ये याच मतदारसंघातून कॉम्रेड होमी दाजी अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले होते. दाजी तुमच्या पक्षाचे नव्हते, पुढेही भाकपचेच राहिले, आणि भाकपनं आणीबाणीला पाठिंबा देऊन स्वतःचं जे नुकसान केलं त्यातून तुम्ही वाचलात. आणीबाणी लागली तेव्हा आमच्या ‘नईदुनिया’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, हे ज्येष्ठ सहकारी नव्या उपसंपादकांना पहिल्याच आठवड्यात सांगायचे. ज्या शहरात अशी वर्तमानपत्रं होती आणि असे उमेदवार होते, तिथे आज विरोधी मताला ‘वरीलपैकी कुणी नाही’ एवढाच पत्ता उरलाय. इथल्या तुमच्या मूठभर कार्यकर्त्यांनी सत्ताधाऱ्यांना पत्रकारांवरच्या गुन्ह्यांबद्दल जाब विचारला, की समोरून पहिलं उत्तर येतं, आधी केरळचं बघा. सायकलवाल्या त्या कॉम्रेडच्या जागी आज मोबाइलवर विज्ञप्ती पाठवणारा जो मुलगा आहे, त्याच्याकडे याला उत्तर नाही. ते तुम्ही द्यायचं आहे.

म्हणून मागणं असं. बातमीवरून पत्रकारावर पोलिसांत तक्रार करायची नाही, हा नियम पक्ष आणि सर्व आघाड्यांसाठी केंद्रीय समितीच्या ठरावानं करा, एसएफआयसकट. ज्या वाहिनीवर राग आहे तिथेही प्रवक्ता पाठवा. २०२० मध्ये केरळात एशियानेट न्यूजच्या चर्चांवर बहिष्कार टाकलात, तेव्हा तुमच्या रिकाम्या खुर्चीचा फायदा कुणाला झाला ते तपासा. २०२४ च्या निवडणुकीत बंगाल पक्षानं ‘समता’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची निवेदिका आणली होती. हौसेला मोल नाही, पण तिला उलटा प्रश्न विचारता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या. आणि तुमच्या नियतकालिकांत टीकेच्या पत्रांना जागा द्या, सभासद नसलेल्यांच्याही.

सुरुवात या पत्रानं करता येईल. तुमचं मराठी साप्ताहिक ‘जीवनमार्ग’ आहे, त्यात हे छापा आणि शेजारी तुमचं उत्तर छापा, कितीही कडक असलं तरी चालेल. जागेअभावी कापावं लागलं तर कापा, मी जन्मभर दुसऱ्यांचं तेच केलं आहे. कापलं त्या ठिकाणी तीन टिंबं तेवढी टाका.

आपली,
एक निवृत्त उपसंपादक,
लोकमान्य नगर, इंदूर